‘शुगरचं दळण’ आणण्याआधी एवढं वाचा

‘काका, शुगरचं पीठ आहे, जरा बघून दळा.’ हल्ली रोज दोन-चार डबे असे येतात. झाकण काढलं की आत मोबाईलवर आलेली सगळी यादी एकत्र: शाळू म्हणजे ज्वारी, नाचणा, गहू, हरभरा, सोयाबीन, जवस, मेथ्या. असा डबा आम्ही परत देतो आणि माणसं रागावतात. म्हणून हा कागद.

आपली गिरणी दगडाची. 100 ग्रॅम सोयाबीनमध्ये 20 ग्रॅमच्या आसपास तेल असतं, जवसात त्याच्या जवळपास दुप्पट. दगड तापला की तेल सुटतं, पिठाचा चिकटा टाकीनं, म्हणजे छिन्नीनं, दगडावर पाडलेल्या खाचांत बसतो आणि पीठ पडायचं थांबतं. मग गिरणी बंद करा, दगड उघडा, खरवडा, मका घालून साफ करा. नंबर लावून बसलेल्या सगळ्यांचा पाऊण तास जातो. होळीच्या आदल्या दिवशी असाच एक डबा नजर चुकवून गेला, त्याच्यामागं एका वहिनींचा पोळीचा गहू होता. दुसऱ्या दिवशी त्या पुरणपोळीच घेऊन आल्या. ‘खाऊन बघा.’ खाल्ली. मेथीनं कडूच झाली होती.

तेव्हा धान्य वेगळं आणि तेलाचं वेगळं आणा. जवस आणि तीळ गिरणीत आणूच नका. घरी भाजून चटणी करा, भाकरीबरोबर तीच जास्त चांगली लागते. मेथ्या मिक्सरवर काढून पिठात मिसळा. सोयाबीन हवंच असेल तर वाळवून, भाजून, रविवारी संध्याकाळी सातनंतर आणा. सोमवारी आम्ही दगडाला टाकी लावतो, त्यामुळं तेव्हा चालतं. किडनीचा त्रास असेल तर सोयाबीन आणि जास्तीच्या डाळींबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. ‘वेगळं दळायला लावून जादा पैसे काढता’ असं एकानं ऐकवलं. दर किलोवर आहे, एका पिशवीत आणा नाहीतर चार.

आता पिठाचं. शुगर असलेल्या घरातून ‘मैद्यासारखं बारीक करा’ असं सांगतात, आणि घरी नेऊन वर चाळतात. पीठ जितकं बारीक, तितकं ते लवकर पचतं आणि साखर लवकर चढते. चाळणीत राहतो तो कोंडा, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच टाकून दिलं. जरा जाडसर दळून घ्या, चाळू नका. पहिले चार दिवस चपाती चिवट वाटेल. कणिक अर्धा तास भिजवून ठेवा, मग बघा.

खपली गहू आणला म्हणजे हवा तेवढा खाता येतो, हाही एक गैरसमज. खपली, शाळू, नाचणा, सगळ्यांत पिष्ट आहेच. मध्यम भाकरीला 60-70 ग्रॅम पीठ लागतं, त्यातलं 40 ग्रॅमच्या वर पिष्ट, आणि त्याची पोटात साखरच होते. आणि आपल्याकडची भाकरी मध्यम कुठं असते! एक भाकरी, वाटीभर उसळ, पालेभाजी, काकडी-कांदा असं ताट करा. पाच किलो गव्हाला किलोभर हरभरा घातला तरी थोडाफार फरक पडतो, आणि हे मिश्रण दगडाला सोसतं.

‘गूळ तर चालतो ना?’ हे कोल्हापुरात विचारणारच. नाही हो. गूळ आपला कितीही नावाजलेला असला तरी रक्तात जाऊन साखरच. जेवून लगेच आडवं होण्यापेक्षा पंधरा मिनिटं चाला. रंकाळा लांब पडत असेल तर गल्लीत फेऱ्या मारा.

पीठ बदललं म्हणून गोळी किंवा इन्सुलिन आपल्या मनानं कमी करू नका. एकदम जेवण कमी केलं आणि औषध तेवढंच राहिलं तर साखर खाली जाते. घाम, थरथर, डोळ्यापुढं अंधारी आली तर तेव्हा मात्र साखरच खायची आणि डॉक्टरांना कळवायचं.

महिन्याचं दळण एकदम नेऊ नका. शाळूच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना तुटते, मग ‘गिरणीवाल्यानं बिघडवलं’. पंधरा दिवसांचंच न्या.

निवडलेला शाळू, नाचणा आणि खपली आमच्याकडे मिळते, घ्यायची सक्ती नाही. लक्ष्मीपुरीच्या बाजारातनं आणलंत तरी निवडून आणा, खडा दगडात गेला की दोघांचंही नुकसान. ‘शुगर’ असं चिठ्ठीवर लिहून डब्यात टाका, जाडसर दळून ठेवतो. सकाळी आठ ते एक, संध्याकाळी चार ते साडेआठ. सोमवारी बंद.