'सेमी' म्हणजे नेमकं किती? नाशिकच्या शाळांतल्या विज्ञानाची पार्श्वभूमी

जून उजाडला की सिडको, सातपूर, पंचवटीतल्या शाळांच्या कार्यालयाबाहेर एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "सर, आमच्या पोरीला सेमी भेटंल का?" विचारणारी आई बहुतेक वेळा स्वतः दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणारी किंवा अंबडच्या कंपनीत कंत्राटावर पॅकिंगला जाणारी. तिच्या लेखी सेमी म्हणजे वरचा वर्ग. शाळेच्या लेखीही बऱ्याचदा तेच असतं, फक्त शाळा तसं बोलत नाही.

सेमी म्हणजे सेमी-इंग्रजी, शब्दाचा अर्थ अर्धं इंग्रजी. प्रत्यक्षात इंग्रजीत होतात ते दोनच विषय, गणित आणि विज्ञान. इतिहास-भूगोल मराठीतच राहतात. गणितात आकडेच जास्त, म्हणजे भाषेचा खरा भार येऊन पडला तो विज्ञानावर. ही सोय आधी आठवीपासून होती, मग पाचवीपासून आली, आणि २००० साली पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाल्यावर आणखी खाली सरकली. कारणही उघड होतं. अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेची पुस्तकं आणि शिकवणं इंग्रजीत. दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं मूल तिथे आपटतं, म्हणून आधीपासून सवय लावू. इंग्रजी शाळांकडे निघालेले पालक थोपवायचे, हे दुसरं कारण. ते परिपत्रकात कमी आणि शिक्षकांच्या खोलीत जास्त बोललं गेलं.

गडबड झाली ती तुकड्यांत. एकाच शाळेत 'अ' सेमी, 'ब' आणि 'क' मराठी. 'अ'मध्ये कोण, हे मागच्या वर्षीच्या गुणांवर किंवा एखाद्या छोट्या चाचणीवर ठरतं; आणि ते गुण बहुधा क्लास लावू शकणाऱ्या घरांतून येतात. जात कुणी विचारत नाही. तरी वर्गात डोकावलं की फुलेनगर किंवा मल्हारखाणच्या झोपडपट्टीतली मुलं कोणत्या तुकडीत जास्त आहेत ते दिसतं.

'विज्ञान मातृभाषेतच कळतं' असं मराठीच्या बाजूने बोलणाऱ्यांचंही सगळं खरं नाही, हे मराठीप्रेमी असूनही कबूल केलं पाहिजे. सातवीच्या विज्ञानात 'चाल', 'वेग', 'विस्थापन' येतात. शेअर रिक्षाने शाळेत येणाऱ्या पोराला 'स्पीड' कळतो, 'चाल' म्हटलं की त्याला गाण्याची चाल आठवते. 'विस्थापन' मात्र काहींना नको तितकं ठाऊक असतं, फक्त ते झोपड्या हलवण्याचं. शिवाय घरी अहिराणी बोलणाऱ्या किंवा उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या कामगाराच्या मुलाला 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द मातृभाषेतला कसा म्हणायचा? असं असलं तरी मराठी तुकडीतलं मूल निदान प्रश्न विचारतं. सेमीत अनेकदा शिक्षक वाक्य इंग्रजीत वाचतात, अर्थ मराठीत सांगतात आणि उत्तर इंग्रजीत पाठ करून घेतात. शंका विचारायची कोणत्या भाषेत, हे ठरेपर्यंत तास संपतो.

मागचा इतिहास थोडक्यात. दलितांच्या मंदिरप्रवेशासाठीचा काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० चा. बहुजनांच्या शिक्षणासाठी नाशिकमध्ये मराठा विद्या प्रसारक समाज ही संस्था त्याआधीच, १९१४ मध्ये उभी राहिली होती. विज्ञान-गणित पहिली दहा वर्षं सर्वांना सक्तीचं असावं, ही कोठारी आयोगाची शिफारस १९६६ ची, आणि नव्या (१०+२+३) आकृतिबंधातली दहावीची पहिली परीक्षा १९७५ ची. सक्ती सर्वांना मिळाली, प्रयोगशाळा मिळाली नाही. महापालिका १९८२ मध्ये झाली आणि तिच्या वाट्याला मुख्यतः प्राथमिक शाळा आल्या. प्रयोगशाळा माध्यमिकची गोष्ट, म्हणून प्राथमिकला पेटी. १९८७ पासून केंद्राच्या खडू-फळा मोहिमेतून (ऑपरेशन ब्लॅकबोर्ड) विज्ञान पेट्या आल्या. अशी एक पेटी मी मुख्याध्यापकांच्या कपाटात पाहिली आहे. भिंग होतं, लोहचुंबक होतं, स्पिरिटचा दिवा कोरा करकरीत. फुटलं तर भरून कोण देणार, म्हणून पेटी बंद.

२०१६ मध्ये केंद्राची टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघायची प्रयोगशाळा, आली, एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. अट मात्र सुमारे १५०० चौरस फूट जागेची. गंगापूर रोडवरच्या मोठ्या आवारात ती सहज निघते. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेत वर्गच पुरत नाहीत, तिथे जागा कुठून काढणार? थ्रीडी प्रिंटर कुठे पोचला असेल ते वेगळं सांगायला नको.

अलीकडचे निर्णय एकमेकांना काटत गेले. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' २०१७ पासून मराठीत देता येते, अभियांत्रिकीची 'जेईई मेन' २०२१ पासून. पण त्यांच्या तयारीची अकरावी-बारावी इंग्रजीतच. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव प्रवेशांतून गरीब मुलं प्रयोगशाळा असलेल्या शाळांत जात होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी विनाअनुदानित शाळांना त्यातून सूट दिली. नाशिकसारख्या शहरात एक किलोमीटरमध्ये अशी शाळा नसेल, असे भाग मोजकेच. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. मधल्या काळात प्रवेश रखडले आणि वर्ष सुरू झालं तरी काही मुलं घरीच होती.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दहावीच्या गणित-विज्ञानासाठी नवी तरतूद पुढे आली. २० पेक्षा जास्त पण ३५ पेक्षा कमी गुण असले तरी अकरावीला जाता येईल, मात्र हे विषय पुढे घेता येणार नाहीत असा शेरा गुणपत्रिकेवर असेल. नापासाचा शिक्का पुसला जाईल, हे चांगलंच. पण 'ब' आणि 'क' तुकडीतल्या ज्या मुलांनी स्पिरिटचा दिवा पेटलेला कधी पाहिलाच नाही, त्यांच्या गुणपत्रिकेवर ही तरतूद लागू झाली की तो शेरा छापून येईल.