पार्श्वभूमी : फोमचं चिलखत आलं कुठून?

व्हिडिओ गेममधल्या योद्ध्याचं चिलखत घरी बनवायचं, तेही चपलांच्या तळव्याला वापरतात त्या फोमपासून, आणि ते अंगावर चढवून मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्स-गेम्सच्या चाहत्यांच्या मेळ्याला जायचं, हा छंद आता कोल्हापूरच्या मुलांनाही माहीत झाला आहे. घरच्यांना मात्र अजून प्रश्न पडतो, की हे आलं कुठून? उत्तराची सुरुवात अमेरिका आणि जपानमध्ये होते, पण सगळं उत्तर तिथे नाही. पुठ्ठ्याचं शस्त्र खरं भासवायची कला या गावात शंभर वर्षांहून जुनी आहे. फोमच्या चिलखताला मी त्याच रांगेत बसवतो.

जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथाप्रेमींचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस हे दोन चाहते तिथे भविष्यकाळातल्या माणसांचे पोशाख घालून गेले. दोन्ही पोशाख मर्टलने तयार केले होते. नाव ॲकरमनचं गाजलं, ती मागे पडली. पण हात तिचा होता, म्हणून या छंदाची सुरुवात तिच्यापासून धरणंच रास्त. पुढच्याच वर्षी शिकागोच्या संमेलनापासून पोशाखांचा कार्यक्रम रुळला. जपानमध्ये १९७५ साली कॉमिक मार्केट सुरू झालं आणि मांगा-ॲनिमेमधली, म्हणजे जपानी चित्रकथा आणि कार्टूनपटांतली पात्रं माणसांच्या अंगावर दिसू लागली. १९८३ साली नोबुयुकी ताकाहाशी यांनी मासिकातल्या लेखातून या प्रकाराला 'कॉस्प्ले' हे नाव दिलं. २००३ पासून नागोयात त्याचा जागतिक मेळा भरतो. भारतात पहिलं कॉमिक कॉन २०११ साली दिल्लीत झालं.

इथवर हा मामला मुख्यतः शिलाईचा होता. चिलखत पुढे आलं ते गेम्समुळे. गेमचा चित्रकार खांद्यावर डोक्याहून मोठा पत्रा काढतो, कारण ते वजन कुणाला पेलायचं नसतं. २००१ च्या 'हेलो'मधला डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला सैनिक घ्या किंवा २००४ च्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधले अवाढव्य खांदे घ्या. असलं काही खऱ्या पोलादात घडवलं तर माणूस दहा पावलंही धड चालणार नाही.

नाटक-सिनेमावाल्यांना ही अडचण नवी नव्हती. पाश्चात्त्य रंगभूमीवर जाड सुताची जाळी विणून तिला चंदेरी रंग देत आणि साखळीचं चिलखत म्हणून नटाला घालत. पुढे फायबरग्लास आलं, साच्यावर ओढलेलं प्लास्टिक आलं. घरी बसून करणाऱ्याला यातलं काहीच सोपं नव्हतं. २००० नंतरच्या दशकात पेपाकुरा या जपानी सॉफ्टवेअरचा आधार मिळाला. ते त्रिमितीय आकृतीचे सपाट तुकडे पाडून देई. ते जाड कागदावर छापायचे, कापायचे, जोडायचे, वर रेझिन ओतायचं, आतून फायबरग्लास लावायचं आणि दिवसच्या दिवस घासत बसायचं. निघायचं ते सुरेख, पण कडक आणि बोचरं. शिवाय रेझिनचा वास घरभर.

फोमने हे सगळं सोपं केलं. ईव्हीए, म्हणजे इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट, १९७० च्या दशकात धावण्याच्या बुटांच्या तळव्यात आलं. मग चपला, योगासनांच्या चटया, लहान मुलांच्या खोलीत एकमेकांत अडकवायच्या रंगीत फरशा, सगळीकडे तेच. परदेशातल्या छांदिष्टांनी पहिल्यांदा या फरशाच कापल्या. फोममधले हवेचे बुडबुडे बंद असतात, त्यामुळे ते हलकं राहतं आणि पाणी पीत नाही. हीट गनने, म्हणजे गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने तापवलं की ते मऊ पडतं, गुडघ्यावर किंवा पातेल्यावर दाबून धरलं की वळतं आणि निवल्यावर त्याच आकारात राहतं. उष्णतेने वरची छिद्रंही मिटतात, आणि रंग आत शोषला जात नाही. मला सगळ्यात आवडते ती रेघेची करामत. कटरने अर्ध्या जाडीपर्यंत चीर द्यायची आणि तिच्यावर गरम हवा सोडायची. डोळ्यांदेखत चीर उघडते आणि दोन पत्रे जोडल्यासारखी खोबण तयार होते. कटरचं पातं मात्र सतत बदलावं लागतं. फोम धार फार लवकर मारतं, आणि बोथट पात्याने कड कापली जात नाही, फाटते.

कोल्हापूरचा संबंध इथे येतो, तो आधी चपलेतून. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली अस्सल कोल्हापुरी चामड्याची असते आणि चामड्याच्याच वादीने शिवतात. तिला फोम लागत नाही. पण रोजच्या वापरातल्या चपला याच गावात बनतात आणि दुरुस्त होतात, त्यामुळे फोमची शीट, ती चिकटवायचं सोल्युशन आणि ते वापरणारे हात इथे आहेतच. दोन्ही बाजूंना सोल्युशन लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग एकदाच नीट जुळवून दाबायचं. एकदा टेकलं की सरकवता येत नाही. फोमचं चिलखत अगदी असंच जोडतात. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणामुळे सोल्युशनचा हात सुकायला जास्त वेळ लागतो, हेही चप्पल करणाऱ्याला सांगावं लागत नाही. नव्याने शिकणाऱ्याने इंटरनेटवरच्या व्हिडिओआधी सुभाषनगरात एखाद्या कारागिराशेजारी तासभर बसावं.

दुसरा धागा रंगाचा, आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. बाबूराव आणि आनंदराव पेंटर हे चुलतभाऊ संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. सपाट कापडावर महालाची खोली आणि खांबांची गोलाई दाखवायची तर छायाप्रकाशाची जाण पक्की हवी. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी सहकारी दामल्यांच्या मदतीने कॅमेरा इथेच घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की गहजब झाला आणि ते दृश्य कापावं लागलं. त्या पडद्यावर खरं काहीच नव्हतं, तरी बघणारे हादरले! १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. याच कंपनीत तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम यांनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच 'प्रभात' उभी केली. पुढे भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओतून ऐतिहासिक चित्रपट निघत राहिले. ढाली, तलवारी, जिरेटोप बनवणं हे इथल्या कित्येक हातांचं रोजचं काम होतं.

आजचा फोमवाला तेच करतो. आधी काळा हात, वाळला की जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त कडांवर चंदेरी, खाचांत पातळ तपकिरी. प्रकाश जिथे पडेल तिथे चमक, जिथे मळ साठेल तिथे काळोख. सरसकट चंदेरी मारलं तर ते पत्रा वाटत नाही, मिठाईच्या खोक्यासारखं दिसतं. नव्या मुलांचं घाईत सर्वांत जास्त बिघडतं ते इथे. फोम कापायला ते महिना देतात आणि रंगाला एक रात्र. प्रमाण उलट हवं.

गच्ची किंवा उघडी खिडकी आणि चांगला मास्क यांशिवाय हे काम करू नये. सोल्युशनची वाफ, तापलेल्या फोमचा धूर आणि घासताना उडणारी बारीक पूड, तिन्ही छातीला वाईट.

आणखी एक गोष्ट इथल्या मुलांना आराखडा काढतानाच लक्षात घ्यावी लागते. कॉमिक कॉनसाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभराचा प्रवास करायचा असतो आणि सामान बर्थखाली मावायला हवं. त्यामुळे छाती आणि पाठ वेगळी ठेवून बगलेत बकल लावतात, खांदे वेलक्रोने बसवतात, मांडीचे भाग एकात एक जातील असे कापतात. शिरस्त्राणाला तेवढी वेगळी पिशवी करावी आणि आत कपडे कोंबावेत, म्हणजे ते चेपत नाही.