बुडवून खायचं गोड: कोकणातल्या आंबा-डिपची पार्श्वभूमी

मे महिन्यात किंवा गणपतीत चाकरमानी गावी आले की अलीकडे कोकणातल्या बऱ्याच घरांत एक प्रकार हमखास दिसतो. मधोमध वाडगा, त्यात हापूसचा रस घातलेला गोड चक्का, आणि भोवती ताटभर मारी, खारी, तळलेले गरे. शेगडी पेटवावी लागत नाही, ओव्हनचा प्रश्नच येत नाही. शहरातली नातवंडं त्याला डिप म्हणतात, आजी ‘पातळ आम्रखंड’ म्हणून मोकळी होते. दोघांचंही अर्धं बरोबर आहे. बुडवून खायची रीत कोकणात फार जुनी. त्या वाडग्यातलं नवं काही असेल तर ते दूध.

सिंधुदुर्गातले शिरवाळे घ्या. तांदळाच्या उकडीचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवायचे, गरम असतानाच साच्यातून दाबून शेवया पाडायच्या आणि नारळाच्या गोड रसात बुडवून खायच्या. हा रस शिजवत नाहीत. एका मोठ्या नारळाचं खोबरं किसून पाऊण ते एक वाटी कोमट पाण्यात वाटायचं, फडक्यातून पिळायचं, त्या पहिल्या दाट दुधात शंभर ग्रॅमच्या आसपास गूळ विरघळवायचा, वेलची आणि मिठाची चिमूट घालायची, झालं. फणसाचं सांदणही नारळाच्या दुधासोबतच खातात. गौरी-गणपतीतलं घावन-घाटलं याच घराण्यातलं, फक्त घाटल्याला तांदळाचं पीठ लावून आटवतात म्हणून त्याला चूल लागते. म्हणजे कोरडं काहीतरी हातात आणि ओलं गोड वाटीत, ही मांडणी इथे कुणी बाहेरून आणलेली नाही.

गाईम्हशीच्या दुधाचं तसं नाही. कोकणची स्थानिक गाय, जिची नोंद आता कोकण कपिला म्हणून झाली आहे, ती अंगाने लहान, डोंगरउतारावर आणि भातशेतीच्या कामाला चिवट, पण दूध बेताचं. घरातल्या चहाला आणि ताकाला पुरेल एवढं. चक्क्याला सगळं दही एका बैठकीत फडक्यात बांधावं लागतं, आणि ते परवडायचं घाटावरच्या घरांना. दुधाचं काम इथे नारळाने केलं, आणि म्हणून कोकणी गोडाचा मूळ स्वाद खोबरं, गूळ आणि तांदूळ असा आहे.

चक्क्याची परंपरा घाटापलीकडची आणि भरपूर जुनी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या जेवणावर अख्खं प्रकरण आहे. त्यात शिखरिणी येते, म्हणजे आजच्या श्रीखंडाची पूर्वज. पाणी काढलेलं दही, साखर आणि सुगंधी मसाला ही जोडी तेव्हापासून फारशी बदललेली नाही. बदललं ते साखरेचं प्रमाण. आजच्या अन्नसुरक्षेच्या मानकांप्रमाणे श्रीखंडात एकूण घन पदार्थ किमान ५८ टक्के हवेत आणि त्या घन भागात साखर ७२.५ टक्क्यांपर्यंत चालते. हिशेब केला तर शंभर ग्रॅममध्ये साखर ४० ग्रॅमच्या वर जाऊ शकते. एवढी साखर टिकाऊपणासाठी उपयोगी पडते, पण असं श्रीखंड गोड बिस्किटाला लावून खाल्लं तर दोन घासांत पुरे होतं. म्हणूनच विकतच्या आम्रखंडात थोडं दूध घालून ‘डिप’ करण्याचा मार्ग सोपा असला तरी चवीला पडतो.

आंब्याकडे येऊ. कोकणात आंबा होताच, पण तो रायवळ: कोयीतून उगवलेला, दर झाडाला वेगळा, धागेदार आणि चोखून खायचा. कलम बांधून एकाच झाडाची हुबेहूब फळं वाढवण्याचं तंत्र सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्यात रुजवलं, आणि आफोन्सो द अल्बुकर्क या त्यांच्या सेनानीच्या नावावरून ओळखली जाणारी जात पुढे रत्नागिरी-देवगडच्या कातळावर स्थिरावली. काजूही त्यांनीच त्याच काळात ब्राझीलहून आणला. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी.

डिपच्या दृष्टीने हापूसचं मोठेपण वासात जेवढं, तेवढंच गराच्या दाटपणात आहे. धागा जवळपास नाही आणि रस दाट. पायरीचा आमरस पुरीबरोबर कितीही उत्तम लागो, चक्क्यात घातला की तो पातळ पडतो. रायवळचा रस तर गाळूनही धागे सोडतो. घरात पायरीच असेल तर तिचा सरळ आमरस करावा, उगाच चक्का वाया घालवू नये.

ताजा हापूस एप्रिल-मेचा, आणि गणपती भाद्रपदातले. ही दरी भरून काढली डब्यातल्या रसाने. हंगाम संपत येतो, पाऊस तोंडावर असतो, पेटीला भाव राहत नाही, तेव्हा उरलेला आणि आकाराने लहान आंबा किलोवर कॅनिंगला जातो. किरकोळ बाजारात दिसणारा डबा बहुधा ८५० ग्रॅमचा. हा रस उष्णता देऊन डबाबंद केलेला असतो, त्यामुळे फळातली रंग काळवंडवणारी विकरं निकामी झालेली असतात आणि डिप दुसऱ्या दिवशीही केशरी दिसतं. ताज्या रसाचा वास कितीतरी पटींनी चांगला, पण तो दुसऱ्या दिवशी मंद होतो आणि तिसऱ्या दिवशी आंबूस. डबा फोडला की उरलेला रस डब्यातच ठेवू नये. काचेच्या बरणीत काढावा किंवा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून पिशवीत भरावा. उघड्या पत्र्यात आंबट रस राहिला की धातूची चव उतरते.

डिप हा शब्द आणि पार्टीतला तो वाडगा अमेरिकेतून आला. विल्यम लॉरेन्स या न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावच्या दुग्धव्यावसायिकाने १८७२ च्या सुमारास क्रीम चीज बनवायला सुरुवात केली आणि १८८० पासून ते ‘फिलाडेल्फिया’ या नावाने विकलं जाऊ लागलं. दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी फ्रिज आले, दिवाणखान्यात बसून हाताने खायची पद्धत वाढली. १९५४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये आंबट साय आणि पाकिटातलं कांद्याचं सूप एकत्र कालवलेलं डिप गाजलं, आणि त्यापाठोपाठ वाडग्यात बुडवून खायच्या पदार्थांचं पेवच फुटलं. गोड डिप ही त्याचीच शाखा: क्रीम चीज, पिठीसाखर, फेटलेली साय, आणि बुडवायला बिस्किटं. केक भाजायचा कंटाळा आला की सुट्टीच्या दिवसात हे उपयोगी पडे.

ती पाककृती इथे जशीच्या तशी उतरवली की दोन ठिकाणी फसते. क्रीम चीज महाग आहे आणि तालुक्याच्या गावात मिळेलच असं नाही. हा प्रश्न चक्का सोडवतो, किंबहुना त्याचा आंबटपणा आंब्याला जास्त मानवतो. दुसरी अडचण सायीची. आपल्याकडे छोट्या खोक्यात मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश २५ टक्क्यांच्या आसपास असतो. फेटून हवा धरायला तो ३० ते ३५ टक्के लागतो. त्यामुळे ती साय कितीही फेटली तरी फुलत नाही, उलट सगळं मिश्रण सैल करते. तिच्याऐवजी काजूची पेस्ट वापरावी. ती पाणी धरून ठेवते, आणि काजूसाठी कोकणात कुणाकडे हात पसरायला नको.

आठ-दहा माणसांना पुरेल असं प्रमाण असं: एक लिटर फुल क्रीम दुधाचं विरजलेलं दही, त्याचा साधारण ३५० ते ४०० ग्रॅम चक्का. हापूसचा रस २०० ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराची दोन फळं पुरतात. पिठीसाखर १२० ग्रॅम. रस गोड केलेल्या डब्यातला असेल तर ८० ग्रॅमपासून सुरुवात करून चाखत वाढवावी. काजू ५० ग्रॅम, दोन तास कोमट पाण्यात भिजवून, निथळून, पाणी न घालता बारीक वाटलेले. अर्धा चमचा वेलचीपूड, मिठाची चिमूट. केशर घातलं नाही तरी चालेल, हापूसच्या पुढे ते हरतंच.

सगळं यश चक्क्यावर आहे. दही जाड पंच्यात बांधून दोन तास टांगावं, पाण्याची पहिली धार ओसरली की गाठोडं चाळणीत ठेवून, खाली पातेलं देऊन फ्रिजमध्ये आठ तास ठेवावं. वर वाटीभर वजन. पुण्यात हिवाळ्यात रात्रभर टांगलेलं चालतं, पण मालवण-गुहागरच्या दमट उष्म्यात तेच दही सकाळपर्यंत इतकं आंबतं की साखरेने झाकलं जात नाही. टोन्ड दुधाचं दही घेतलं तर चक्का कमी निघतो आणि खरखरीत लागतो. बोटाने दाबल्यावर खड्डा तसाच राहिला पाहिजे, इतका तो घट्ट हवा. वाडग्यात आपल्याला हवा त्यापेक्षा जास्तच घट्ट, कारण पुढे साखर त्याला सैल करणार आहे. साखर चक्क्यातल्या उरल्यासुरल्या पाण्यात विरघळून पाक होतो, आणि हे पहिल्या अर्ध्या तासात घडतं. म्हणून आधी चक्का पुरणयंत्रातून किंवा पिठाच्या चाळणीतून काढावा, त्यात साखर मिसळून वीस-तीस मिनिटं झाकून ठेवावं, मग काजूची पेस्ट आणि सगळ्यात शेवटी रस थोडाथोडा घालावा. हवा तो सैलपणा आला की थांबावं, रस उरला तरी. रस चक्क्याच्या निम्म्याहून जास्त झाला तर डिप बिस्किटावर टिकत नाही, मनगटावर ओघळतं.

मिक्सर मात्र नको. पात्याच्या वेगाने चक्क्याची घडी मोडते, मिनिटभरात लस्सी तयार होते, आणि ती फ्रिजमध्ये ठेवूनही परत घट्ट होत नाही. ताजा आंबा कापल्यावर आत पांढरट, भुसभुशीत साका दिसला तर तेवढा भाग काढून टाकावा. तो आंबट असतो आणि गरात गुठळीसारखा राहतो. झालेलं डिप निदान तीन तास गार करावं. थंडीने स्निग्धांश घट्ट होतो, वेलचीही मुरते.

दूध न चालणाऱ्यांसाठी शिरवाळ्यांच्या रसावर बेतलेलं डिप करता येतं, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त इथलं आहे. २०० मिलिलिटर पहिलं दाट नारळाचं दूध, १०० ग्रॅम भिजवलेले काजू, ६० ते ७० ग्रॅम किसलेला गूळ, वेलची, मीठ, सगळं एकत्र गुळगुळीत वाटायचं. इथे मिक्सर चालतो. गूळ आधी थोड्या नारळाच्या दुधात विरघळवून गाळून घ्यावा, नाहीतर खडे आणि कचरा दाताखाली येतो. नुसता नारळाचा रस फ्रिजमध्ये ठेवला तर खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं आणि वर मेणासारखे कण तरंगतात. बाहेर ठेवला तर चार-पाच तासांत उतरतो. म्हणूनच शिरवाळ्यांचा रस जेवायच्या वेळीच काढायची पद्धत पडली. काजूची भर घातली की चरबी बारीक विखुरलेली राहते आणि हे डिप एक दिवस आधी करून ठेवता येतं. वाढण्याआधी पंधरा मिनिटं बाहेर काढून ढवळायचं एवढंच.

बुडवायला काय, यावर घराघरांत मतभेद आहेत. गोडावर गोड नको असेल तर तळलेले खारे गरे सर्वांत सरस, त्याखालोखाल केळ्याचे वेफर्स आणि खारी. मारी बिस्कीट स्वस्त, सगळीकडे मिळणारं आणि न मोडता डिप उचलणारं. नानकटाई चवीला छान पण वाडग्यात तुटते. घावनाचे तुकडे नारळाच्या डिपबरोबर जमतात, आंब्याच्या डिपबरोबर नाही.

भाद्रपदातली हवा अशी की उघडा ठेवलेला गरा अर्ध्या तासात सादळतो, त्यामुळे डबा माणसं बसल्यावरच उघडावा. बिस्किटाचा चुरा वर पेरायचा असेल तर तोही त्याच वेळी. डिप एकदम सगळं न मांडता दोन लहान वाडग्यांत करावं: एक बाहेर, एक फ्रिजमध्ये. बाहेरचं तास-दीड तासात संपवावं. ज्यात दहा जणांचे हात बुडाले ते उरलं तर परत फ्रिजमध्ये ठेवू नये. न शिवलेलं तीन दिवस चांगलं राहतं. ते फ्रीझरमध्ये मात्र ढकलू नये, कारण गोठून सुटलेला चक्का रवाळ होतो आणि पाणी वेगळं पडतं.