प्रतिजैविक-रोधी रुग्णालयीन संसर्ग (ग्रामीण विदर्भ)

रुग्णालयात दाखल झाल्यावर साधारण ४८ तासांनंतर उद्भवणारा व नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणारा जिवाणुसंसर्ग. क्लेब्सिएल्ला, ॲसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनस आणि मेथिसिलीन-रोधी स्टॅफिलोकॉकस (एमआरएसए) हे त्यातील प्रमुख जिवाणू.

एमआरएसएची पहिली नोंद १९६१ साली ब्रिटनमध्ये झाली, याबद्दल दुमत नाही. वाद आहे तो कार्बापेनेम या प्रतिजैविकांच्या गटातील औषधांचे विघटन करणाऱ्या ‘एनडीएम-१’ या विकराच्या (एन्झाइमच्या) नावाविषयी व उगमाविषयी. नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णाच्या क्लेब्सिएल्लात ते ओळखले गेले आणि २००९ साली त्याला त्या शहराचे नाव मिळाले. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या समूहाच्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात त्यावर लेख येताच भारत सरकारने आक्षेप घेतला. २०११ मध्ये ‘लॅन्सेट’चे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी या नावाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. २००६–०७ च्या सुमारास भारतीय रुग्णालयांतून साठवलेल्या नमुन्यांतही हे विकर तयार करणारे जनुक पुढे आढळले. नामकरणापूर्वीच ते येथे पसरले होते, हे मत त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते. उगम दिल्लीतच झाला, असे मात्र त्यावरून ठरत नाही. जनुक प्लाझ्मिडवर (जिवाणूतील डीएनएच्या सुट्या, लहान कड्यावर) असल्याने ते एका जातीच्या जिवाणूतून दुसऱ्या जातीत सहज जाते.

विदर्भात त्याच्या प्रसाराला रुग्णाची वाट कारणीभूत ठरते. ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, शेवटी नागपूरचे ‘मेडिकल’ किंवा ‘मेयो’ ही मोठी सरकारी रुग्णालये, अशा प्रत्येक ‘रेफर’बरोबर जिवाणूही मुक्काम बदलतात; बरा होऊन गावी परतलेला माणूस ते आतड्यात बाळगून असू शकतो. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेला शेतमजूर किंवा मण्यार चावलेला रुग्ण कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर राहतो. ॲसिनेटोबॅक्टर खाटेच्या कठड्यासारख्या कोरड्या जागीही बराच काळ टिकतो आणि उन्हाळ्यातील पाणीटंचाईत हात धुण्यावरच मर्यादा येतात. विष उतरल्यावर न्यूमोनियाने रुग्ण दगावणे हा यातील सर्वांत क्लेशदायक भाग होय. अशा वेळी उरणारे कोलिस्टिन हे प्रतिजैविक मूत्रपिंडांना अपायकारक ठरू शकते.

कल्चरचा (नमुन्यातील जिवाणू वाढवून केलेल्या तपासणीचा) अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर औषध अंदाजाने निवडावे लागते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या रोध-निरीक्षण जाळ्यात सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचा (स्थापना १९६९) समावेश आहे. काही प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद ठेवणे औषधविषयक नियमांतील ‘एच-१’ अनुसूचीनुसार १ मार्च २०१४ पासून औषध दुकानांना बंधनकारक आहे.

गडचिरोलीतील डॉक्टर दांपत्य अभय व राणी बंग यांच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गावातील आरोग्यदूतांनी जंतुदोष झालेल्या नवजातांना घरीच जेंटामायसिन या प्रतिजैविकाची इंजेक्शने दिली. तेथे नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. वॉर्डातील जिवाणूंशी गाठ न पडता झालेल्या उपचारांचे हे या भागातील महत्त्वाचे उदाहरण आहे.