पार्किंगमध्ये पाणी कुठे मुरतं?

सोसायटीच्या वार्षिक सभेत व्हिजिटर पार्किंगचा विषय निघाला की चर्चा पेव्हर ब्लॉकच्या रंगावर आणि दरावर येऊन थांबते. लाल-पिवळे घ्यायचे की नुसते राखाडी, झिगझॅग की डंबेल, चौरस फुटाला काय पडेल. मग कोणीतरी हमखास म्हणतं, "काँक्रीट नको, ब्लॉकच टाकू, म्हणजे पाणीही मुरेल." सभा मान डोलावते, ठराव मंजूर होतो. आणि वळवाच्या पहिल्याच सरीला त्या नव्या कोऱ्या ब्लॉकवरून पाणी गेटकडे धावत सुटतं.

यात ब्लॉकची काही चूक नसते. मोटारींसाठीचा नेहमीचा ब्लॉक साधारण ८० मिलिमीटर जाडीचा, दाबून केलेल्या घट्ट काँक्रीटचा. त्यातून पाणी जाऊच नये अशी त्याची रचना. दोन ब्लॉकमधली फट दोन ते चार मिलिमीटर, आणि तिच्यात बारीक वाळू किंवा सरळ क्रशरची डस्ट झाडूने सारलेली. खाली वाळूचा थर, त्याखाली रोलर फिरवून घट्ट केलेला मुरूम. काही ठिकाणी तर ब्लॉक खचू नयेत म्हणून चार इंच पीसीसी, म्हणजे सळ्या नसलेलं साधं काँक्रीट. पीसीसी घातलं की विषयच संपला.

पाणी मुरण्याचं गणित कणांच्या आकारात आहे. पाणी गाळण्याच्या वाळूचा अभ्यास करताना ॲलन हेझन या अमेरिकी अभियंत्याने १८९२च्या सुमारास एक नियम मांडला, तो आजही वापरात आहे: वाळूतून पाणी झिरपण्याचा वेग कणाच्या आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. कण दहापट बारीक झाला की वेग शंभरपट घटतो. आणि इथे सरासरी कण मोजायचा नसतो. मिश्रणातला सगळ्यात बारीक दहा टक्के भाग जिथे संपतो, तो कण मोजायचा. चांगल्या टपोऱ्या खडीत थोडी जास्त डस्ट मिसळली, तर पाण्याच्या हिशेबाने ती सगळी डस्टच.

आपल्या बांधकामाच्या सवयी नेमक्या इथे आडव्या येतात. मोठ्या खडीच्या फटींत बारीक खडी, तिच्या फटींत कच, कचीत डस्ट, आणि वरून रोलर, ही भरणी प्रत्येक मुकादमाला तोंडपाठ असते. रस्त्यासाठी ती बरोबरही आहे. पाणी मुरवायचं तर उलटं करावं लागतं: एकाच मापाची, धुतलेली खडी टाकायची आणि तिच्या फटी मोकळ्या ठेवायच्या. साइटवर हे समजावून सांगितलं की मुकादम मान हलवतो, आणि तुमची पाठ वळली की ब्रासभर डस्ट पसरून मोकळा होतो. त्याला बिचाऱ्याला वाटतं, काम अर्धवट राहिलंय.

एकाच मापाच्या खडीच्या थरात सुमारे ४० टक्के जागा रिकामी असते. गंमत अशी की खडी २० मिलिमीटरची असो की ४०ची, हे प्रमाण जवळजवळ तेवढंच राहतं. बदलतो तो पाण्याचा वेग. खाणीतून फोडून आणलेल्या खडीचे कोपरे एकमेकांत अडकतात, म्हणून फटी ठेवूनही ती गाडीचं वजन पेलते. नदीतले गोल गोटे चाकाखाली सरकतात, ते दिसायला कितीही देखणे असले तरी इथे नकोत.

आता हिशेब करू. २०० चौरस मीटरचं उघडं पार्किंग. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर चौरस मीटरला ५० लिटर या दराने १०,००० लिटर पाणी जमतं. मोठा एक टँकर. एप्रिल-मेमध्ये पैसे मोजून आणि वॉचमनला तिष्ठत ठेवून मागवतो तेवढं पाणी तासाभरात गटारात जातं. त्याच पार्किंगखाली ३०० मिलिमीटर जाडीचा मोकळ्या खडीचा थर असेल, तर त्यात २४,००० लिटरची पोकळी आहे, म्हणजे १२० मिलिमीटर पाऊस मावेल. अर्थात २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. तसल्या दिवशी हा थर भरून वाहणारच, म्हणून जादा पाण्याला चेंबरकडे जायची वाट ठेवावीच लागते.

पाणी साठलं, पण ते पुढे जाणार कुठे? माझ्या मते सगळ्यात आधी विचारायचा आणि कुठल्याही कोटेशनमध्ये न सापडणारा प्रश्न हाच. खालचा मुरूम ताशी ५ मिलिमीटर पाणी पीत असेल, तर भरलेला थर २४ तासांत रिकामा होतो. ताशी १ मिलिमीटरच पीत असेल तर पाच दिवस लागतील, आणि जुलैतला पाऊस पाच दिवस थांबत नसतो.

काळी माती तर इथे सरळ फसवते. तिच्यातल्या चिकणखनिजांचे पापुद्रे पाणी आत ओढून फुगतात आणि वाळले की आक्रसतात. मे महिन्यात भेगा पडलेल्या अशा जमिनीत बादली ओतली तर पाणी गटागट आत जातं, आणि बघणारा खूश होतो. चार चांगले पाऊस झाले की माती फुगते, भेगा मिटतात आणि झिरपा जवळपास थांबतो. म्हणून चाचणी घ्यायची ती भिजलेल्या मातीची. थर जिथे टेकणार त्या पातळीवर फूटभर खोल खड्डा खणा, दिवसभर पाणी घालत राहा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून, पट्टी उभी धरून, तासाभरात पातळी किती उतरली ते बघा. खड्ड्याच्या बाजूंनीही पाणी जातं, तेव्हा आलेला आकडा निम्माच धरलेला बरा.

काळी माती निघाली तरी बेत सोडायचं कारण नाही. थराच्या तळाशी भोकांचा पाइप टाकून तो अरुंद तोंडाने चेंबरला जोडला, की पाणी जमिनीत नाही गेलं तरी गटारात उशिरा आणि सावकाश जातं. गटारं तुंबतात ती सगळ्यांचं पाणी एकाच वेळी आल्यामुळे, त्यामुळे हाही फायदा थोडाथोडका नव्हे. मात्र काळ्या मातीत इमारतीच्या पायाला लागून मुद्दाम पाणी मुरवण्याचा उद्योग करू नये. त्या कडेला प्लास्टिकचं जाड अस्तर हवं. कोकण-गोव्यात जांभ्यावर झिरप्याची काळजी कमी आणि शेवाळाची जास्त.

आता वरचा थर. पाणी पिणाऱ्या काँक्रीटचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. टँकर रिकामा होतो आणि पाणी गायब. ते खोटं नाही. वाळू जवळजवळ वगळून केलेल्या या काँक्रीटमध्ये १५ ते २५ टक्के पोकळी असते आणि चौरस मीटरमधून मिनिटाला शंभराहून जास्त लिटर पाणी सहज जातं. अडचण आहे ती हाताची. यात सिमेंटच्या मानाने पाणी फार कमी, तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास घालायचं असतं. ओंजळभर माल मुठीत दाबला की गोळा झाला पाहिजे. सुटून पडला तर पाणी कमी, बोटांवर लगदा आला तर जास्त. गवंड्याला हा माल कोरडा वाटतो, तो मगभर पाणी वाढवतो, सिमेंटचा लगदा खाली उतरतो आणि तळाशी चांगला पक्का कोबा तयार होतो. वरून थापी फिरवली तर वरचीही छिद्रं बंद. शिवाय टाकल्या टाकल्या प्लास्टिकने झाकलं नाही तर उन्हात वरची खडी सुटते, आणि जागच्या जागी स्टिअरिंग फिरवणारी चाकं ती उखडत जातात. ज्याने हे काम आधी केलंय आणि तीन पावसाळ्यांनंतरचं दाखवू शकतो, त्यालाच द्यावं.

सच्छिद्र डांबराचा इतिहास जुना आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्डन तळ्याशी १९७७ साली तसं पार्किंग केलं, आणि ते कित्येक वर्षं नीट चाललं. आपल्याकडच्या उन्हात डांबर मऊ होऊन छिद्रांत उतरण्याची भीती असते, आणि एका सोसायटीपुरता वेगळा माल कोणी बनवून देत नाही. हा पर्याय मी सोडूनच देतो.

ग्रास पेव्हर, म्हणजे चौकोनांत गवत लावायचा जाळीदार ब्लॉक, फोटोत छान दिसतो. ज्या जागी गाडी रोज दहा तास उभी, तिथे गवताला ना ऊन ना पाणी. दोन महिन्यांत चौकोनांत माती उरते आणि मग चिखल. लग्नसराईपुरतं वापरायचं मंगल कार्यालयाचं मैदान असेल तर मात्र जरूर.

राहतो तो रुंद फटीचा ब्लॉक. ब्लॉक नेहमीचाच घट्ट, पण कडेला उंचवटे असल्यामुळे फट सहा ते बारा मिलिमीटर राहते, आणि तिच्यात वाळूऐवजी दोन ते सहा मिलिमीटरची धुतलेली कच भरायची. खालीही वाळू नको, कचच. गाड्या वळतात तिथे ब्लॉक हेरिंगबोन पद्धतीने, म्हणजे माशाच्या काट्यासारखे एकमेकांना आडवे, बसवले की सरकत नाहीत. बिघडलं तर चार ब्लॉक काढून दुरुस्त करता येतं, आणि आपल्या कारागिरांचा हात त्यावर बसलेला आहे. इंग्लंडमध्ये २००८च्या ऑक्टोबरपासून घरापुढच्या अंगणात पाच चौरस मीटरहून जास्त जागा, पाणी रस्त्यावर जाईल अशी पक्की करायची तर परवानगी लागते; त्यानंतर तिथे असे ब्लॉक चांगलेच रुळले.

पोडियमच्या, म्हणजे तळघराच्या छतावरच्या मोकळ्या जागेच्या, स्लॅबवर यातलं काहीही करू नये. तिथलं पाणी मुरेल ते खालच्या तळघरात. अग्निशमन बंबाच्या वाटेवरही साधं, भक्कम काँक्रीटच असू द्यावं.

गाड्यांतून गळणाऱ्या तेलाची धास्ती मात्र अनेकांना उगाच वाटते. ब्रिटनमधल्या कॉव्हेंट्री विद्यापीठात झालेल्या प्रयोगांत दिसलं की थेंब-थेंब गळणारं तेल खडीवर वाढणारे सूक्ष्मजीव पचवतात. ऑइल बदलताना डबा सांडला तर त्यांचं काही चालत नाही, ते वेगळं. खरा शत्रू धूळ. शेजारी बागेची माती पार्किंगवर वाहून येणार असेल तर आधी तिथे कठडा घाला. पार्किंगवर वाळूचे ढीग टाकून कोणाला फ्लॅटचं काम करू देऊ नका. रोजचा झाडू केर उचलण्यापुरता. धूळ फटींत सारणारा नको.

दर वर्षी मेमध्ये एक चाचणी करता येते. ३० सेंटिमीटर व्यासाची रंगाची बादली घेऊन तिचा तळ कापा आणि कडा ब्लॉकवर मळलेल्या कणकेने लिंपा. एकदा पाणी ओतून जागा भिजवून घ्या, मग ३.६ लिटर ओता आणि घड्याळ लावा. अर्ध्या मिनिटात गेलं तर ताशी सहा हजार मिलिमीटरचा वेग आहे, निर्धास्त राहा. बारा मिनिटं लागली तर वेग ताशी २५० मिलिमीटरवर आलाय. अजून पाऊस झेपेल, पण साफसफाईची वेळ झाली. धूळ बहुतेक वरच्या दोन सेंटिमीटरमध्येच अडकते, तेवढी कच व्हॅक्यूमने किंवा खुरप्याने काढायची आणि नवी धुतलेली भरायची.