लाकडात दारू की दारूत लाकूड? घरी व्हिस्की मुरवण्यामागची पार्श्वभूमी

काचेची बरणी, तिच्यात पाण्यासारखी स्वच्छ कच्ची व्हिस्की, तळाशी ओकची एक जळकी कांडी. घरगुती व्हिस्की मुरवण्याचं आजचं नेहमीचं दृश्य हे असं असतं. भट्टीवाल्यांच्या गोदामात दारू लाकडाच्या पोटात असते, इथे लाकूडच दारूच्या पोटात. एवढ्याशा उलटापालटीवरून कायदा आणि धंदा दोघंही अनेकदा बिथरले आहेत. त्यामागची बरीचशी कहाणी गेल्या शंभरेक वर्षांतली आहे.

त्याआधीचं थोडक्यात सांगता येईल. लाकडी पिंप रोमनांनी गॉल (आजच्या फ्रान्सच्या भागातल्या) लोकांकडून उचललं ते वाहतुकीच्या सोयीसाठी. घरंगळत नेता येतं, मातीच्या रांजणासारखं फुटत नाही. १४९४ सालच्या स्कॉटलंडच्या राजदरबारी हिशेबात ‘जीवनजल’ गाळण्यासाठी एका मठवाशाला माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) दिल्याची नोंद आहे. मुरवण्याबद्दल तिथे चकार शब्द नाही. पुढची कित्येक शतकं व्हिस्की ताजीच प्यायली जायची. १७८१ साली ब्रिटनमध्ये घरी दारू गाळण्यावर बंदी आली, १८२३ च्या कायद्याने परवानाधारक भट्ट्यांचा मार्ग मोकळा झाला. सरकारी कुलपाखालच्या गोदामात माल ठेवायचा आणि बाहेर काढताना कर भरायचा, ही सोय मिळाल्यावर पिंपं वर्षानुवर्षं पडून राहिली तरी मालकाच्या खिशाला लगेच चाट बसेना. मुरवण्याला चवीइतकाच या हिशेबाचाही हातभार लागला, असं मला वाटतं.

अमेरिकेत पिंप आतून जाळण्याची प्रथा कोणी सुरू केली याच्या दंतकथा भरपूर आहेत. एका धर्मोपदेशकाच्या नावावर तर तो शोध कायमचा चिकटवला गेला आहे. त्यापेक्षा विश्वासार्ह आहे ते १८२६ सालचं एक साधं व्यापारी पत्र. केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनच्या एका दुकानदाराने भट्टीवाल्याला कळवलं होतं, की पिंपं आतून इंचाचा सोळावा भाग जाळली तर माल पुष्कळ सुधारतो, असं त्याच्या कानावर आलं आहे. म्हणजे तेव्हाही ही ऐकीव युक्ती होती आणि ती गिऱ्हाईकाच्या बाजूने भट्टीकडे चालली होती.

आता व्हिस्की किमान किती मुरावी याच्या ‘३ वर्षं’ या आकड्याकडे येऊ, कारण घरी मुरवणारे त्याला वेदवाक्य मानतात. व्हिस्की कशाला म्हणायचं, यावर ब्रिटनमध्ये १९०८-०९ मध्ये एक शाही आयोग बसला होता. त्याने किमान वय ठरवण्याची गरज नाही, असा निर्वाळा दिला. मग १९१५ मध्ये महायुद्ध चालू असताना कोवळ्या दारूवर निर्बंध घालणारा कायदा झालाच: आधी २ वर्षं, १९१६ पासून ३. दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार पिऊन गैरहजर राहतात, ही सरकारची तक्रार होती. दारूवर जबर कर बसवण्याचा, जमलं तर तिला आळा घालण्याचा विचार चालू होता. किमान वयाची अट ही त्यातून निघालेली तडजोड. पिंपात ३ वर्षांनी काही विशेष घडतं असं कोणत्याही रसायनशास्त्रज्ञाने तेव्हा सांगितलं नव्हतं. अमेरिकेने त्याआधीच, १८९७ मध्ये, सरकारी देखरेखीखाली बाटलीबंद होणाऱ्या व्हिस्कीसाठी ४ वर्षं ठरवली होती. तिथे मूळ दुखणं भेसळीचं होतं.

शब्दांचा एक गुंता इथेच सोडवलेला बरा. इंग्रजीतले ‘कास्क’ आणि ‘बॅरल’ हे दोन्ही शब्द मराठीत ‘पिंप’ होऊन येतात. वास्तविक कास्क म्हणजे कोणतंही पिंप, आणि बॅरल म्हणजे त्यातलं एक माप. अमेरिकन बॅरल सुमारे २०० लिटरचं, शेरी या स्पॅनिश वाइनचं ‘बट’ नावाचं पिंप सुमारे ५०० लिटरचं. स्कॉच नियमांना कास्क लागतो, तोही ओकचा आणि ७०० लिटरपेक्षा मोठा नको. अमेरिकन नियम मात्र बर्बन या तिथल्या व्हिस्कीसाठी ‘आतून जाळलेलं नवं ओकचं कंटेनर’ एवढंच म्हणतो. आकार किती, लहानात लहान केवढं, यावर तो गप्प आहे. त्या ‘कंटेनर’ शब्दाच्या आडोशाने पुढे छोट्या पिंपांचा सगळा बाजार उभा राहिला. पण दोन्हीकडे एक गोष्ट गृहीत आहे: भांडं लाकडाचं हवं. काचेच्या भांड्यात लाकूड टाकण्याचा विचार या व्याख्यांना शिवलेलाही नाही.

म्हणूनच २००५ सालचा वाद घरगुती मुरवणाऱ्यांच्या जिव्हाळ्याचा ठरला, जरी तो त्यांच्याविषयी मुळीच नव्हता. वेगवेगळ्या व्हिस्की मिसळून विकणाऱ्या लंडनमधल्या एका छोट्या कंपनीने वापरलेल्या पिंपांच्या आतल्या बाजूला नव्या फ्रेंच ओकच्या पट्ट्या बसवल्या आणि त्यात स्कॉच माल्ट व्हिस्की मुरवून बाजारात आणली. वाइनच्या धंद्यात अशा पट्ट्या तोवर रुळलेल्या होत्या. व्हिस्की चांगली होती, यावर फारसं दुमत नव्हतं. स्कॉच उद्योगाच्या संघटनेने मात्र ही पद्धत पारंपरिक नाही अशी हरकत घेतली, कायदेशीर कारवाईचा इशारा दिला, आणि कंपनीने उत्पादन थांबवलं.

संघटनेची बाजू अगदीच पोकळ नव्हती. आज पट्टी चालू दिली तर उद्या ढलप्या, परवा भुसा. मग जुनाट, दम संपलेल्या पिंपात भुशाची पिशवी सोडून कोणीही स्कॉच विकेल. कॉन्याक या फ्रेंच ब्रँडीत ओकचा चक्क काढा करून घालतात आणि ते नियमात बसतं. स्कॉचवाल्यांना त्या वाटेने जायचं नव्हतं. पण परंपरेचा दाखला देताना सोयीचा विसरही पडला होता. शेरीच्या पिंपांची चणचण भासू लागल्यावर गोड दाट वाइनचा अर्क दाब देऊन पिंपांच्या लाकडात जिरवण्याची पद्धत स्कॉच उद्योगात कित्येक दशकं चालली होती. ती १९९० च्या सुमारास बंद झाली. दमलेली पिंपं आतून खरवडून पुन्हा जाळणं तर आजही चालतं. मोडक्या पिंपाला नवी फळी बसवली तर ती दुरुस्ती, आणि तीच फळी आतून लावली तर ती भेसळ?

कंपनीने तोडगा काढला तो नेमका या फटीतून. २००९ मध्ये तीच व्हिस्की परत आली. या वेळी आतल्या पट्ट्या नव्हत्या, तर पिंपाची दोन्ही तोंडंच खूप भाजलेल्या फ्रेंच ओकची होती. लाकूड तेच, दारूला भिडणारा पृष्ठभागही तसाच, पण आता ते पिंपात टाकलेलं नव्हतं, पिंपाचा भाग होतं. हरकत मिटली. त्याच सुमारास शेजारच्या धंद्यात काय चाललं होतं, तर २००६ मध्ये युरोपीय संघाने वाइनमध्ये ओकचे तुकडे वापरायला परवानगी दिली. आणि २०१० मध्ये केंटकीतल्या एका नावाजलेल्या ब्रँडने मुरलेल्या बर्बनच्या पिंपात भाजलेल्या फ्रेंच ओकच्या १० पट्ट्या सोडून नवी बाटली काढली, लेबलावर तसं स्पष्ट छापलं, आणि ती धडाक्यात खपली. एका किनाऱ्यावर जी परंपरेची पायमल्ली, तीच ५ वर्षांनी दुसऱ्या किनाऱ्यावर जाहिरातीची ओळ. मला यात लाकडापेक्षा लेबलाचाच प्रश्न मोठा दिसतो.

घरच्या बरणीची वंशावळ मात्र निराळी. बहुतेक देशांत घरी दारू गाळणं आजही गुन्हा आहे. अमेरिकेने १९७८ मध्ये घरगुती बिअरला मोकळीक दिली, ऊर्ध्वपातनाला नाही. न्यूझीलंडने १९९६ मध्ये स्वतःपुरतं गाळायला मुभा दिली, विकायला नाही, आणि हा छंद तिथे उघडपणे वाढला. सुरुवातीचा घरगुती माल म्हणजे साखरेच्या आंबवणीतून काढलेला, कोळशातून गाळून चव मारलेला मद्यार्क आणि त्यात बाटलीतलं व्हिस्कीचं इसेन्स. धान्य आंबवून, साध्या भांड्याच्या भट्टीवर, चव राखून गाळणारे लोक वाढले तसं इसेन्स मागे पडलं आणि ओकच्या ढलप्या आल्या. त्या घरगुती वाइनच्या सामानातून आल्या होत्या. जिथे गाळणं बेकायदा, तिथे लोक न मुरलेली व्हिस्की विकत आणून फक्त मुरवण्याचा भाग घरी करतात.

ढलप्यांनी लगेच निराशा केली. त्या पातळ, त्यांचा आडवा छेद उघडा; दारू दोन-चार दिवसांत आरपार शिरते, रंग चटकन चढतो आणि पाठोपाठ तुरटपणाही. मग १ ते ५ लिटरची इवलीशी पिंपं आली. ती दिसायला देखणी, पण भूमितीपुढे कोणाचं चालत नाही. २०० लिटरच्या पिंपाऐवजी २५ लिटरचं घेतलं, की दर लिटरमागे लाकडाचा पृष्ठभाग दुप्पट होतो. ३ लिटरच्या आसपास चौपट. स्कॉटलंडच्या गोदामात वर्षाला साधारण २ टक्के उडून जातं, छोट्या पिंपात त्याहून कितीतरी जास्त. केंटकीच्या एका मोठ्या भट्टीने ५, १० आणि १५ गॅलनच्या पिंपांत बर्बन भरून काही वर्षं वाट पाहिली आणि २०१२ मध्ये प्रयोग फसल्याचं स्वतःहून जाहीर केलं: धूर आणि लाकूड भरपूर, खोली नाही. मोठ्या पिंपांच्या मालकाने हे सांगावं यात त्याचा स्वार्थ आहेच, पण घरी अनुभव घेतलेल्यांचं मत फारसं वेगळं नाही.

कारण सोपं आहे. ओक दारूला देतो ते लवकर देतो: भाजलेल्या लिग्निनमधून व्हॅनिलाचा वास, हेमिसेल्युलोजमधून कॅरमलसारखा गोडवा, लॅक्टोनमधून नारळाची झाक, आणि टॅनिन. जळालेला थर गंधकाचे वास शोषून घेतो, तेही लवकर उरकतं. राहतो तो तिसरा भाग. हवेतला ऑक्सिजन लाकडातून हळूहळू आत झिरपतो, आम्लं आणि अल्कोहोल जुळून एस्टर नावाची सुवासिक संयुगं तयार होतात, तिखट कडा बोथट होतात. याला घाई चालत नाही. १९३३ मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली तेव्हा मुरलेल्या मालाचा दुष्काळ होता, आणि उष्णता देऊन, ढलप्या घालून वर्षांचं काम आठवड्यांत करण्याचे दावे तेव्हाही झाले. अलीकडे त्यात दाब आणि ध्वनिलहरींची भर पडली आहे. मराठीत ‘रंग चढणं’ आणि ‘मुरणं’ हे दोन शब्द वेगळे आहेत, ते या बाबतीत फार उपयोगी पडतात.

बरणी आणि कांडी ही जोडी टिकली ती यामुळेच. कांडीचा आकार आपल्या हातात राहतो. लिटरमागे पृष्ठभाग मोठ्या पिंपाइतकाच ठेवता येतो. फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनमध्ये शेकायची, मग वरून ज्योतीने जाळायची, ६० टक्क्यांच्या आसपासच्या दारूत सोडायची, रंग-चव पुरेशी झाली की बाहेर काढायची आणि दारू तशीच ठेवून द्यायची. अधूनमधून झाकण उघडून हवा खेळवतात, कारण काच श्वास घेत नाही. खराब धार मात्र कांडीने सुधारत नाही. ‘पहिल्या धारेची’ म्हणून जिची वाहवा होते, तिच्यातला सुरुवातीचा उग्र भाग जाणकार भट्टीवाला फेकूनच देतो.

बरणीने एक जुनं बंधनही नकळत सोडवलं. पिंपासाठी पांढरा ओकच का, तर त्याच्या नलिका टायलोसिसने (आत वाढणाऱ्या फुगवट्यांनी) बुजलेल्या असतात आणि तो गळत नाही. तांबड्या ओकच्या कांडीतून तर फुंकर मारली तरी पलीकडे निघते. बरणीत गळण्याचा प्रश्नच नसल्यामुळे लोकांनी तांबडा ओक, चेरी, मेपल, सफरचंदाचं लाकूडही वापरून पाहिलं. कोणतंही लाकूड चालतं असा याचा अर्थ नव्हे: पाइनसारखी राळेची झाडं आणि रसायनं मारलेलं, रंगवलेलं लाकूड दारूत जाऊ नये.

कायद्याच्या लेखी या बरणीचं स्थान अजून तिथेच आहे. अमेरिकन नियमांत लाकडाच्या भांड्याबाहेरच्या मार्गाने लाकूड लावलेल्या व्हिस्कीवर ‘लाकडाच्या ढलप्यांनी रंग व चव दिलेली’ असं छापावं लागतं, आणि वय मोजायचं ते फक्त ओकच्या भांड्यात काढलेल्या काळाचं. स्कॉच नियमांत तर तिला व्हिस्की म्हणताच येत नाही. काचेत कांडीसोबत १० वर्षं काढलेल्या दारूचं अधिकृत वय दोन्हीकडे शून्य भरतं.