रिकामा पेला आणि शर्टाची बटणं

परवा एका बारशाला सात वर्षांच्या मुलानं दुसऱ्यांदा ताक सांडलं आणि पंगतीतून लगेच निकाल आला, "धांदरट आहे, हाताला वळणच नाही!" मला तेव्हा रिकामा पेला आठवला.

स्टीलचा पेला भरलेला समजून उचलावा आणि तो रिकामा निघावा. हात कसा झटक्यानं वर जातो! मेंदूनं आधीच मांडलेला हिशोब तिथे चुकलेला असतो. डोळ्यांनी बघून हात सावरायचा तर दशांश सेकंद तरी जातो, तोवर ताक सांडलेलं असतं. म्हणून स्नायूंना हुकूम सुटतानाच त्याची एक नक्कल अनुमस्तिष्काकडे, म्हणजे मेंदूच्या मागच्या, खालच्या भागाकडे जाते. त्या नकलेवरून 'आता बोटांना काय जाणवेल' याचा अंदाज बांधला जातो. प्रत्यक्षात वेगळं जाणवलं, तर तो फरक टिपून पुढचा हुकूम सुधारतो. आपणच आपल्याला गुदगुल्या करू शकत नाही, तेही यामुळेच: स्पर्शाची वर्दी आधीच लागलेली असते.

शाळकरी वयातल्या साधारण 5 ते 6 टक्के मुलांना डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर, म्हणजे डीसीडी असतो; त्यात हालचालींचा मेळ नीट बसत नाही. स्नायू ठीक, बुद्धी ठीक, पण हा आगाऊ अंदाज कच्चा, असा संशोधकांचा एक प्रमुख तर्क आहे. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) किंवा स्वमग्नता असलेल्या मुलांतही डीसीडी बऱ्याचदा आढळतो.

इथे ऑक्युपेशनल थेरपिस्ट लागतो. 'ऑक्युपेशन' म्हणजे नोकरी नव्हे. मुलाचं ऑक्युपेशन म्हणजे जेवणं, कपडे घालणं, लिहिणं, खेळणं. कमलाबाई निंबकरांनी 1950 साली मुंबईत या विषयाचं शिक्षण सुरू केलं, तरी अजून अनेक पालक ऑक्युपेशनल थेरपीला फिजिओथेरपीच समजतात.

डोळे बांधून वाचायला लावणाऱ्या 'मिडब्रेन' वर्गांवर हजारो रुपये घालवू नका. तिथे मुलं नाकाशेजारच्या फटीतून बघतात, बाकी काही नाही.

डीसीडीत जे काम अडतं त्याचाच सराव सगळ्यांत जास्त उपयोगी पडतो. बटण लावायचं असेल तर आधी मोठं बटण, सैल काज. थेरपिस्ट बटण काजातून अर्धं बाहेर काढून देते, मूल फक्त शेवटचं ओढतं. मग त्याआधीची एकेक पायरीही मुलाकडे. अडलं की ती उत्तर सांगत नाही, विचारते, "कुठे अडकलं रे?"

"काज मिटतंय."

"मग काय करूया?"

तो डाव्या अंगठ्यानं काज ताणून धरतो.